बासष्ट ग्रॅम

४ मार्च

आत्या,

आधी नमस्कार घे, मग काय ओरडायचं ते ओरड. गेल्या सात महिन्यांत तुझी तीन पत्रं आली, तिन्ही मिळून अकरा ओळी. मी मोजल्या. पूर्वी तू नुसत्या कांद्यांच्या तक्रारीवर दोन पानं लिहायचीस. फोन उचललास तर "बरी आहे, कामात आहे" म्हणतेस आणि ठेवून देतेस. निवृत्त बाईला कसलं गं एवढं काम? तू अजून रागावलेली आहेस, दुसरं काय! काच कारखान्याचं कॅन्टीन सोडून मी इथे आले त्याला सहा वर्षं झाली. पण "चमचाभर जेवणाला माझ्यासमोर जेवण म्हणू नकोस" हे तुझं वाक्य अजून माझ्या कानात आहे.

तरी लिहितेय, कारण माझं अडलंय.

आमच्याकडे नऊच टेबलं आहेत, हे तुला माहीत आहे. काय खायचं ते इथे पाहुणा ठरवत नाही, आम्ही ठरवतो. एकामागून एक चौदा ताटल्या येतात, प्रत्येकीत दोन-तीन घास. सव्वातीन तास चालतं. शेवटच्या तीन गोड असतात. त्यांच्या आधीची अकरावी म्हणजे तिखटामिठाची शेवटची, आणि सगळ्या जेवणाचा भार तिच्यावर असतो. जाताना पाहुणे एक कार्ड लिहून ठेवतात. हल्ली त्यावर काय येतं ऐक. "अप्रतिम. जन्मात विसरणार नाही. घरी जाऊन दोन अंडी तळून खाल्ली."

आमच्या शेफबाईंनी ती कार्डं भिंतीवर टोचून ठेवलीत. त्यांचे गुडघे गेलेत. एक जूनला त्या ओट्यापासून बाजूला होणार आणि स्वयंपाकघर दोघांपैकी एकाच्या हाती देणार. एक मी, दुसरा आमचा चिमटेवाला. तो चिमट्यानं पान न् पान रचतो, कधी त्याचा हात थरथरत नाही. अकरावी ताटली आधी त्याच्याकडे होती, आता माझ्याकडे आलीय. अट एकच. पाहुण्यामागे बासष्ट ग्रॅम, एक ग्रॅम जास्त नाही, कारण पुढे गोड यायचंय. आणि पाहुणा भरल्या पोटी उठला पाहिजे. जमलं तर स्वयंपाकघर माझं. नाही जमलं तर मी जन्मभर चिमटेवाल्याच्या हाताखाली.

तू चारशे माणसांना तृप्त करायचीस, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. एकदा ये, जेव, आणि खरं काय ते सांग.

तुझी,
अर्धी


१२ मार्च

अर्धे,

बासष्ट ग्रॅम! अगं बाई, तेवढं तर माझ्या पळीला चिकटून राहायचं! ते वजन करता कशावर, सोनाराच्या काट्यावर? आणि दोन घासांना ताटली कशाला लागते, तळहातावर ठेवा की.

मी रागावलेली नाही. राग यायला अंगात रग लागते, आता वय झालं. तुझ्यावर रागवून मी जाणार कुठे? सहा वर्षांची होतीस, तुझी आई गेली त्या वर्षी. शाळा सुटली की कॅन्टीनच्या बाकावर येऊन बसायचीस. मी पळी उचलली की दोन्ही हात ताटलीवर आडवे धरून ओरडायचीस, "अर्धीच, अर्धीच!" भट्टीवाल्यांनी नाव पाडलं ते पडलंच. तुझं खरं नाव मला कागदावर लिहायची वेळ आली की क्षणभर आठवावं लागतं.

पण मी काही येणार नाही. तुमच्या शेफबाईंनाच गुडघे आहेत असं नाही, आम्हालाही आहेत. शिवाय हल्ली चारचौघांत जेवायला बसायचं म्हणजे नको वाटतं मला.

कारखान्यात चारशे बारा माणसं जेवायची. गुरुवारी बटाट्याचा दाट रस्सा आणि पाव. पहिल्या फेरीला मी पळी काठोकाठ कधीच भरली नाही. तू बाकावरून ओरडायचीस, "आत्या हात आखडता घेते!" मेली, चारचौघांत माझी लाज काढायची! तरी एक माणूस उपाशी उठला नाही, हे तूही पाहिलंयस. कसं ते मला सांगता यायचं नाही. हाताला कळतं ते तोंडाला येत नाही माझ्या.

पोटभर खात जा. तू नाही खाल्लंस तर पाहुण्यांना काय कळणार आहे?

आत्या


२१ मार्च

आत्या,

तुझं पत्र मी स्वयंपाकघरात मोठ्यानं वाचून दाखवलं. "पळीला चिकटून राहायचं" यावर चिमटेवाला हसला, आणि तो वर्षातून दोनदाच हसतो.

पण तू समजतेस तसं नाही गं इथे. मी आले तेव्हा आठवडाभर तोंडात बोटं घालून फिरत होते. टोमॅटो चिरून मलमलच्या कापडात टांगतात. सोळा तास त्यातून थेंब थेंब पाणी गळतं. त्या पाण्याला रंग म्हणून नाही. पण चमचाभर तोंडात घातलं तेव्हा मला वाटलं, आजवर खाल्लेले सगळे टोमॅटो खोटे होते. चाळीस किलो कांदा मंद आचेवर ठेवतात, तर तिसऱ्या दिवशी तळाला एक पातेलं उरतं. एक गाजर मिठाच्या लिंपणात नऊ तास भाजतात. बाहेर काढलं की शेफबाई सुरी टेकवतात, नुसती टेकवतात, आणि ते आपसूक दुभंगतं. सहा वर्षं झाली तरी त्या क्षणी मी हातातलं काम थांबवून बघते.

परत आलेली प्रत्येक ताटली शेफबाई दिव्याखाली धरतात. पाव कुठून फिरवलाय, काटा कुठे थांबलाय, कडेला काय सारून ठेवलंय, सगळं बघतात. म्हणतात, माणूस तोंडानं काहीही सांगेल, ताटलीकडे बघा. कधी कधी गाजराच्या वेळी नऊही टेबलं एकदम गप्प होतात. बाहेर कुणी बोलत नाही आणि आत आम्हीही श्वास धरून उभे असतो.

आणि मग तेच लोक घरी जाऊन अंडी तळतात!

एके दिवशी मी चोरून अकरावी ताटली नव्वद ग्रॅमची केली. लोकांनी तिसरा हिस्सा टाकला, पुढच्या गोडाला हात लावला नाही, आणि तरीही कार्डावर "घरी जाऊन पाव खाल्ला". पोट तट्ट फुगलेलं आणि माणूस उपाशी! माझी मती गुंग झालीय. शेफबाई एवढंच म्हणाल्या, "वाढवून भागत असतं तर ते मीच केलं असतं."

अकराव्या ताटलीत मी काय ठेवते ते तुला सांगणार नाही. अठरा एप्रिल, दुपारी साडेबारा, खिडकीजवळचं दोन नंबरचं टेबल. तुझ्यासाठी धरून ठेवलंय. तू आली नाहीस तर ती खुर्ची रिकामी राहील आणि मला दारातून दिसत राहील.

तुझी,
अर्धी


२ एप्रिल

अर्धे,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. दर वेळी त्या टोमॅटोच्या पाण्यापाशी येऊन थांबले.

येते. पण आधी विचारते त्याची सरळ उत्तरं दे, फाटे फोडू नकोस. एक ताटली गेली की दुसरी यायला किती वेळ लागतो? एखादी तशीच परत पाठवली तर शेफबाईंचा अपमान होतो का? मध्येच उठून जरा पाय मोकळे केले तर चालतं का? आणि पर्समध्ये रिकामा डबा आणला तर कुणी हटकेल का?

खालच्या मजल्यावरची शिंपीणबाई मला गाडीत बसवून देणार आहे. तिनं माझं निळं झंपर आत घेऊन दिलं, मला सैल झालं होतं.

आत्या


८ एप्रिल

आत्या,

डबा? डबा कशाला आणि? उरलेलं घेऊन जायला? अगं, उरायला तिथे असतं काय! की आमच्या हॉटेलातून पाव भरून नेणार आहेस परतीच्या वाटेवर भूक लागेल म्हणून? शेफबाईंनी तो डबा पाहिला तर मी जमिनीत गडप होईन. तुझ्या पाया पडते, डबा आणू नकोस. उपाशी राहिलीस तर मागच्या दाराशी ये, मी तुला अख्खी पावाची लादी देईन.

दोन ताटल्यांच्या मध्ये दहा-बारा मिनिटं जातात. तुला धीर निघणार नाही, माहितेय मला. कॅन्टीनमध्ये तू उभ्या उभ्या चार मिनिटांत जेवायचीस. पाय खुशाल मोकळे कर, अंगणात बाक आहे. आणि आवडलं नाही तर ताटली बेलाशक परत पाठव. माझीही पाठव. मला राग येणार नाही, मला कळेल तरी.

फक्त मोठ्यानं "हे काय, चाटायचं?" असं विचारू नकोस.

त्या दिवशी मला ओट्यापासून हलता येणार नाही. तुझं तोंड मला दिसणार नाही, तुझ्या ताटल्या तेवढ्या दिसतील. जेवण झालं की थांब, मी धावत बाहेर येते.

तुझी,
अर्धी


२० एप्रिल

अर्धे,

न भेटता निघून आले म्हणून चिडली असशील. चीड. पण हे पत्र संपेपर्यंत दम धर.

मी काय पाहिलं ते आधी सांगते, नाहीतर दुसरंच सांगत बसेन. पहिल्यांदा एक अंड्याचं टरफल आलं. म्हटलं, झालं, टरफलं खायची वेळ आली! आत चमचा घातला तर कोमट, मऊ, काहीतरी असं की मी चमचा बाहेर काढायचीच विसरले. मग तुझं ते टोमॅटोचं पाणी. डोळे मिटले की टोमॅटो, उघडले की पाणी. मी तीनदा मिटले आणि तीनदा उघडले. वाढणारा बघत होता, बघेना का! मग ते गाजर. अर्धे, चाळीस वर्षं मी गाजरं सोलली. पोत्यानं सोलली. गाजर एवढं गोड, एवढं गंभीर असतं हे मला कुणी सांगितलं नाही. मला त्या सगळ्या गाजरांची माफी मागावीशी वाटली. गरम ताटली गरम, गार ताटली गार, आणि प्रत्येकीत एवढा विचार केलेला, जणू कुणी माझी वर्षानुवर्षं वाट बघत होतं. तुला चमचाभर जेवण म्हटलं होतं ना मी? कान धरते.

आणि प्रत्येक ताटली मी पुसून साफ केली. त्यात काय मोठं, असं वाटेल तुला. मोठंच आहे गं.

गेल्या ऑगस्टात माझ्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी ती काढली, तिच्यासोबत निम्मं पोटही काढलं. गाठ गेली, आता तपासण्या स्वच्छ येतात, रडू नकोस. दवाखान्यात शिंपीणबाई बसून होती. तुला कळवलं असतं तर सगळं टाकून कायमची परत आली असतीस, आणि मग म्हणाली असतीस की मी स्वतःहून आले. मला ते नको होतं. राग नव्हता गं, लाज होती.

लाज ताटाची. चार घास झाले की पोट म्हणतं, बस. पुढचा घास गेला तर कळा येतात. समोर ताट तसंच पडलेलं असतं. चारशे बारा माणसांना "टाकायचं नाही हं" म्हणून डोळे वटारणारी बाई मी! शिंपीणबाई प्रेमानं वाटी आणते, आणि मी ती तिच्यामागे कागदात गुंडाळून टाकते. रोज टाकते. म्हणून कुणाबरोबर जेवायला बसत नव्हते. तो डबा भुकेसाठी नव्हता, अर्धे. चौदा ताटल्यांतलं उरलेलं लपवायला हवा होता मला.

डॉक्टर सांगून थकले होते, थोडं थोडं खा, मध्ये वेळ जाऊ द्या. घरी एकटीनं घड्याळाकडे बघत दोन चमचे खायचे म्हणजे औषधच ते. तुमच्याकडे तेच केलं, पण राणीसारखं. दोन ताटल्यांच्या मधे अंगणातल्या बाकावर बसले, परत आले, पुन्हा समोर दोन घास. कुणी म्हणालं नाही, एवढंच? सगळ्यांना एवढंच होतं. आठ महिन्यांनी मी ताट पुरं केलं. डबा पर्समध्ये कोराच राहिला. हो, आणलाच होता.

मग अकरावी आली. वाढणाऱ्यानं झाकण उचललं आणि वास आला. मी म्हटलं, थांबा, आज काय वार आहे? माझा गुरुवारचा रस्सा! तीन चमचे. तळाला तुझा तो तीन दिवसांचा कांदा, पण रस्सा माझाच, तीच मिरी शेवटी टाकलेली. मी खाल्ला, पावानं पुसला. आणि मग काय झालं सांगू?

मी मान वर करून वाढणारा शोधू लागले.

मला अजून हवं होतं. आठ महिन्यांत पहिल्यांदा, अर्धे, मला अजून हवं होतं! चमचाभर, जास्त नाही. मी दाराकडे पाहिलं. शेजारच्या टेबलावरचे गृहस्थही दाराकडे बघत होते. त्यांच्या पलीकडची बाईही. कुणी आलं नाही. वाढणाऱ्यानं हसून ताटली उचलली आणि नेली. त्या क्षणी मला असं वाटलं की जेवण संपलं नाही, काढून घेतलं. तिन्ही गोड ताटल्या खाल्ल्या, छान होत्या, पण मी अजून त्या दाराकडेच बघत होते.

आता मला सांगता येतंय. मी पळी काठोकाठ का भरत नव्हते? दुसऱ्या फेरीला जागा राहावी म्हणून. दहा मिनिटांनी मी स्वतः पातेलं काखेत घेऊन बाकांमधून जायचे आणि एकेकाला विचारायचे, "अजून वाढू?" निम्मे चमचाभरच घ्यायचे. काही तर नकोच म्हणायचे. पण विचारल्यावर नको म्हणणं आणि न विचारताच उठणं यात फरक आहे. तू पहिल्या फेरीलाच हात आडवे धरून बसायचीस, तुला कुठली दुसरी फेरी दिसणार!

तुमची माणसं उपाशी उठत नाहीत. न विचारलेली उठतात.

तू धावत बाहेर आली असतीस तर मी तुझ्या गळ्यात पडून भरल्या हॉटेलात हंबरडा फोडला असता. म्हणून पळाले. आता आपल्या घराण्यात दोन अर्ध्या झाल्या.

आत्या


३ जून

आत्या,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी अंगावरच्या अ‍ॅप्रनसकट निघून आले. जिन्यातूनच ओरडायला सुरुवात केली. तुझा एवढासा झालेला खांदा हाताला लागला आणि ओरडायचं विसरले. मग आपण दोघी एवढ्या रडलो की जेवायचं कुणाला सुचलंच नाही. शिंपीणबाईंनी चहा केला, तो गार झाला. पुन्हा असं काही लपवलंस तर याद राख. तू मला वाढलंस, तू मला वाढवलंस, आणि दवाखान्यात बसायला शिंपीणबाई? हे मी विसरणार नाही, तिचे उपकारही विसरणार नाही.

आता ऐक. परत आले आणि शेफबाईंना म्हटलं, अकरावी ताटली चाळीस ग्रॅमची करते. त्या म्हणाल्या, "लोक उपाशी उठतात म्हणून कमी करतेस? डोकं ठिकाणावर आहे ना?" मी म्हटलं, उरलेले बावीस पातेल्यात राहू द्या. ताटली रिकामी झाली की मी बाहेर जाईन आणि विचारेन.

"बाहेर? ओट्यावरून?"

"हो."

त्यांनी मनात बेरीज केली. "बासष्ट," म्हणाल्या, आणि वजनकाटा माझ्याकडे सरकवला.

पहिल्या दिवशी चार नंबरला तेच गृहस्थ होते, अंडी तळणारे. त्यांची तीन कार्डं आमच्या भिंतीवर आहेत. मी पातेलं काखेत घेतलं. हातात तुझी जुनी पळी होती, तुझ्या घरातून येताना तुला न विचारता आणलेली. जवळ जाऊन म्हटलं, "अजून वाढू?" सगळं हॉटेल वळून बघायला लागलं. ते गडबडले. म्हणाले, "नको, नको, पुष्कळ झालं." मी वळणार होते, तेवढ्यात पाहिलं, तोंडानं नको म्हणताना त्यांच्या बोटांनी ताटली माझ्याकडे इंचभर सरकवली होती.

मी वाढलं. मग पाच नंबर. मग सहा. एक बाई म्हणाली "अर्धीच", आणि माझा हात थांबला, मला काही दिसेचना. सगळं हॉटेल पुन्हा गप्प झालं, आत्या, गाजराच्या वेळी होतं तसं. पण या वेळी मी आत नव्हते. मी त्यांच्यात उभी होते आणि त्यांची तोंडं बघत होते. सहा वर्षांत मी कुणाला जेवताना पाहिलंच नव्हतं.

महिनाभर एकाही कार्डावर अंडं नाही. त्या गृहस्थांनी नुसतं "झालं" एवढंच लिहिलं. काय झालं म्हणून चिमटेवाल्यानं विचारलं. शेफबाई म्हणाल्या, "जेवण."

एक तारखेला त्यांनी भिंतीवरची सगळी कार्डं काढली आणि सगळ्यांसमोर स्वयंपाकघराची किल्ली माझ्या हातात ठेवली. पहिली टाळी चिमटेवाल्यानं वाजवली. आता पाच ते नऊ नंबरच्या टेबलांवर पातेलं घेऊन तो जातो. पहिल्या दिवशी त्याचे हात थरथरत होते.

तू कधी येतेस? तुझी दुसरी फेरी राहिलीय माझ्याकडे.

तुझी,
अर्धी


९ जून

माझे बाई,

पळी चोरलीस ती चोरलीस, वर कबुलीही देतेस! असू दे. तिचा दांडा जरा सैल आहे, घट्ट धर.

तुझं पत्र शिंपीणबाईला वाचून दाखवलं आणि तिला माझ्या वाटीचंही खरं सांगून टाकलं. ती म्हणाली, "अहो मग आधी नाही का सांगायचं!" आता ती चार चमचेच आणते, आणि तासाभरानं वर येऊन दारातून विचारते. परवा मी हो म्हटलं.

किल्लीचं वाचलं तेव्हा खुर्चीवरून उठून उभी राहिले, कुणी समोर नसताना. तुझी आई असती तर तीही राहिली असती.

पंचवीसला दुपारी येते. दोन नंबरचंच टेबल ठेव. शिंपीणबाईलाही आणतेय, तिच्यासाठी माझ्यासमोरची खुर्ची. डबा आणणार नाही.

अकराव्या ताटलीला तू स्वतः बाहेर ये, चिमटेवाल्याला पाठवू नकोस. मी नको म्हणेन. सवयीनं दोनदा म्हणेन. तू माझ्या तोंडाकडे बघू नकोस, ताटलीकडे बघ.

तुझी,
आत्या